शेवटाकडून सुरुवात : संस्थेच्या स्वतःच्या व्हिडिओ विभागासाठी साधने निवडताना

महाराष्ट्रातल्या मध्यम आकाराच्या जवळजवळ प्रत्येक संस्थेत आज कोणी ना कोणी व्हिडिओ करत असतो. कृषी विज्ञान केंद्राला कीड ओळखण्याचे प्रात्यक्षिक शेतकऱ्यांपर्यंत पोचवायचे असते. रुग्णालयाला नव्या परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी चित्रफिती हव्या असतात. महाविद्यालयाला व्याख्याने जपून ठेवायची असतात, सहकारी बँकेला ऑनलाइन फसवणुकीबद्दल खातेदारांना सावध करायचे असते, महापालिकेला कचरा वर्गीकरण समजावून सांगायचे असते. सुरुवातीला हे काम बाहेरून करून घेतले जाते. मग कामाचा ओघ वाढतो, बिले वाढतात, दर वेळी नव्या माणसाला सगळे पहिल्यापासून समजावण्याचा कंटाळा येतो, आणि स्वतःचा विभाग सुरू करायचे ठरते. त्यानंतर सगळ्यात आधी विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो : कॅमेरा कुठला घ्यायचा?

या प्रश्नाकडे हे पुस्तकही वळते, पण बरेच उशिरा. कारण व्हिडिओ विभाग ही एक लांबलचक कामाची साखळी असते. विषय ठरवणे, प्रकाश, आवाज, चित्रण, फुटेज उतरवून घेणे, साठवण, एडिटिंग, मराठी मजकूर आणि उपशीर्षके, तपासणी, प्रसारण आणि शेवटी जतन अशा तिच्या कड्या आहेत. प्रेक्षकाच्या हाती जे पडते त्याचा दर्जा सर्वांत कच्च्या कडीवर ठरतो. निधी मात्र बहुतेक ठिकाणी पहिल्या दिसणाऱ्या कडीवर, म्हणजे कॅमेऱ्यावर खर्च होतो. माइक, दिवे, हार्ड डिस्क आणि माणसांचे प्रशिक्षण यांच्या वाट्याला उरलेसुरले येते. म्हणून या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात असे : निवड उलट्या दिशेने करावी. आधी प्रेक्षक, मग मराठी मजकूर, मग जतन, मग साठवण आणि संगणक, मग आवाज आणि प्रकाश, आणि सर्वांत शेवटी कॅमेरा.

हे म्हणणे नीट समजायचे तर हे क्षेत्र इथवर कसे आले ते पाहायला हवे.

अँपेक्स कंपनीने १९५६ मध्ये व्यवहारात वापरता येईल असा पहिला व्हिडिओ टेप रेकॉर्डर दाखवला. तो दोन इंच रुंद टेपवर चाले, जागा अडवे आणि प्रसारण कंपन्यांखेरीज कोणाला परवडत नसे. हे चित्र बदलले ते १९७१ मध्ये सोनीने बाजारात आणलेल्या यू-मॅटिक कॅसेटने. घरगुती ग्राहकांना तिची किंमत झेपली नाही. तिला उचलून धरले ते कंपन्यांच्या प्रशिक्षण विभागांनी आणि शिक्षणसंस्थांनी. टेप कॅसेटमध्ये बंद असल्याने ती लावायला-काढायला अभियंता लागत नव्हता. प्रसारण हा ज्यांचा धंदा नाही अशा संस्थेने स्वतःचे व्हिडिओ स्वतः करावेत, ही कल्पना खऱ्या अर्थाने या कॅसेटने रुजवली.

भारतात या कल्पनेला वेगळेच बळ मिळाले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ या दूरचित्रवाणी प्रयोगाने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहामार्फत कार्यक्रम पोचवले. एकनाथ चिटणीस या प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक होते. त्याच सुमारास गुजरातेत पीज इथल्या प्रक्षेपकावरून खेडा जिल्ह्यासाठी कार्यक्रम सुरू झाले. तिथे इस्रोच्या अहमदाबाद केंद्राची माणसे गावकऱ्यांना सोबत घेऊन त्यांच्याच प्रश्नांवर कार्यक्रम करत. अवकाश संशोधन करणारी संस्था ग्रामीण जीवनावरचे कार्यक्रम तयार करते, याचा अर्थ स्पष्ट होता. ज्याच्याकडे ज्ञान आहे त्याच्याच हाती ते सांगण्याचे साधनही असावे. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ इन्सॅट-१बी उपग्रहाच्या साहाय्याने दूरदर्शनवरून दिसू लागला. त्यासाठी काही विद्यापीठांत निर्मिती केंद्रे उभी राहिली, आणि पुणे विद्यापीठातले ईएमआरसी त्यांतले एक. पुण्यातच फिल्म इन्स्टिट्यूटचा दूरचित्रवाणी विभाग १९७४ पासून होता. संस्थेच्या आवारात स्टुडिओ, त्यात स्वतःचे निर्माते आणि तंत्रज्ञ हे दृश्य महाराष्ट्राला तेव्हापासून परिचयाचे आहे.

पुढच्या टप्प्यात टेपची जागा संगणकाने घेतली. १९८९ मध्ये एव्हिड, १९९१ मध्ये अ‍ॅडोबी प्रीमिअर आणि १९९९ मध्ये अ‍ॅपलचे फायनल कट प्रो ही एडिटिंगची साधने आली. १९९५ मध्ये डीव्ही टेप आणि सोनीचा व्हीएक्स-१००० आला, आणि एक कॅमेरा, एक केबल, एक संगणक एवढ्यावर निर्मिती होऊ लागली. २००८ मध्ये कॅनन फाइव्ह-डी मार्क टू या स्थिरचित्रणाच्या कॅमेऱ्याने सिनेमासारखी उथळ फोकसची प्रतिमा सामान्य बजेटात आणली. ब्लॅकमॅजिक कंपनीने २००९ मध्ये दा विंची रिझॉल्व्ह विकत घेतले. रंगसंस्काराचे हे सॉफ्टवेअर तोवर महागड्या यंत्रणेसकटच मिळे. २०११ मध्ये कंपनीने त्याची मोफत आवृत्ती दिली. २०१२ मध्ये ओबीएस हे थेट प्रक्षेपणाचे मुक्त सॉफ्टवेअर आले, तर २०१९ मध्ये तळहातापेक्षा थोडा मोठा एटेम मिनी स्विचर. वर्षभरात टाळेबंदी लागली आणि वर्गखोलीपासून ग्रामसभेपर्यंत सगळेच पडद्यावर आले.

या प्रवासातून साधनांकडे पाहण्याच्या काही परंपरा घडल्या. आज सल्ला देणारा प्रत्येक माणूस, त्याला जाणीव असो वा नसो, यांपैकी एका परंपरेतून बोलत असतो. नवख्या संस्थेने सल्ला ऐकताना तो कुठल्या परंपरेतला आहे हे आधी ओळखावे.

पहिली परंपरा प्रसारणाची. तिची मूल्ये भरवसा, प्रमाणीकरण आणि मोजमाप. आवाजाची पातळी मीटरवर पाहायची, चित्र वेव्हफॉर्मवर तपासायचे, प्रत्येक केबलला क्रमांक द्यायचा. दूरदर्शन आणि विद्यापीठीय निर्मिती केंद्रे या शिस्तीत वाढली. तिची उणीव एवढीच, की ती मोठा कर्मचारीवर्ग गृहीत धरते.

दुसरी परंपरा सिनेमाची. तिला प्रतिमेचे सौंदर्य प्रिय. लेन्स, सेन्सर, लॉग चित्रण आणि रंगसंस्कार यांवर तिचा भर असतो. संस्थेच्या माहितीपटाला ती उंची देते. पण रोज दोन व्याख्याने मुद्रित करायची असतील, तर तिच्या सवयी वेळ खातात. फाइव्ह-डीच्या काळात या परंपरेची दोन टोके एकाच साधनात दिसली. चित्र देखणे होते, पण एक शॉट जेमतेम बारा मिनिटांचा निघे आणि चांगल्या आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर बाळगावा लागे.

तिसरी एकट्या निर्मात्याची. मोबाइल किंवा मिररलेस कॅमेरा, कॉलर माइक आणि एक लॅपटॉप. वेग हे तिचे बळ. विषयतज्ज्ञ स्वतःच बोलतो, स्वतःच एडिट करतो आणि संध्याकाळपर्यंत व्हिडिओ लोकांपर्यंत जातो. मात्र सगळे एका माणसाच्या डोक्यात आणि एका हार्ड डिस्कवर राहते. त्याची बदली झाली की विभागही जातो.

चौथी थेट प्रक्षेपणाची. दूरनियंत्रित पीटीझेड कॅमेरे, स्विचर, आणि नेटवर्कच्या केबलमधूनच चित्र वाहून नेणारी २०१५ ची एनडीआय पद्धत यांवर ती उभी आहे. सभागृहे, परिषदा आणि व्याख्यानमाला यांना ती सोयीची, कारण कार्यक्रम संपताच व्हिडिओ बहुतांशी तयार असतो.

पाचवी मुक्त सॉफ्टवेअरची. केरळच्या शासकीय ‘काइट’ संस्थेने शालेय शिक्षणात आणि आपल्या व्हिक्टर्स वाहिनीच्या कामात मुक्त सॉफ्टवेअरला जे स्थान दिले, ते या परंपरेचे भारतातले ठळक उदाहरण. केडेनलाइव्ह, ऑडेसिटी, ब्लेंडर, ओबीएस आणि पडद्यामागे राबणारे एफएफएमपेग ही तिची अवजारे. पैशांची बचत होतेच. शिवाय संस्था कोणाच्या परवान्याला बांधील राहत नाही. इथे शिकवणारा आणि अडचण सोडवणारा माणूस मात्र जवळ असावा लागतो.

यांतली एकही परंपरा चुकीची नाही. चूक होते ती दुसऱ्या कामाच्या गरजेतून घडलेली साधने आपल्या कामावर लादण्याची. म्हणून उलटा क्रम.

प्रेक्षकापासून सुरुवात करू. सोयाबीनच्या शेतात उभा असलेला शेतकरी भर उन्हात मोबाइलच्या पडद्यावर व्हिडिओ पाहतो. त्याच्यासाठी फोर-के आणि फुल एचडी यांतला फरक नगण्य आहे. पानावरची अळी जवळून दिसणे आणि बोलणे स्पष्ट ऐकू येणे हे सर्वस्व आहे. शल्यक्रियेचे प्रात्यक्षिक मोठ्या पडद्यावर पाहणाऱ्या विद्यार्थ्याचे गणित वेगळे, तिथे बारकावा आणि रंगांची अचूकता लागते. प्रेक्षक ठरला की रिझोल्यूशन, आडवी की उभी चौकट, लांबी आणि भाषा ठरते. खरेदीचा अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

मग मराठी मजकूर. सॉफ्टवेअरच्या इंग्रजी परीक्षणांत हा मुद्दा येतच नाही, आणि आपल्याकडे तो रोज नडतो. देवनागरी नीट जुळवता न येणाऱ्या प्रणालीत पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, रफार भलत्या अक्षरावर बसतो, जोडाक्षरे फुटून पायमोडकी दिसतात. कुठलेही एडिटिंग सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यात एक वाक्य टाइप करून पाहावे : ‘पिकाची स्थिती पाहूनच शेतकऱ्यांनी दुसऱ्या फवारणीपूर्वी औषधाची मात्रा ठरवावी.’ ‘स्थि’मधली वेलांटी, ‘ऱ्या’मधला अर्धा र, ‘र्वी’वरचा रफार आणि ‘त्रा’ हे जोडाक्षर शीर्षकात, उपशीर्षकात आणि अक्षरे हलत असताना अशा तिन्ही ठिकाणी शाबूत राहिले, तर पुढचा विचार करावा. प्रीमिअरमध्ये दक्षिण आशियाई लिपींसाठीचा पर्याय निवडावा लागतो. तो न निवडताच कित्येक जण सॉफ्टवेअरला दोष देतात. दुसरा धडा युनिकोडचा. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर देखणा दिसतो, पण तो शोधता येत नाही आणि उपशीर्षकांच्या एसआरटी फाइलमध्ये उतरत नाही. आज मजकूर शोधता येत नसेल, तर व्हिडिओही सापडत नाही.

त्यानंतर जतन. सॉफ्टवेअर निवडताना ते आज काय करते याइतकाच, उद्या ते नसेल तेव्हा आपले काम उघडेल का, हा प्रश्न महत्त्वाचा. जून २०११ मध्ये अ‍ॅपलने फायनल कट प्रो एक्स आणले तेव्हा त्यात जुन्या आवृत्तीतले प्रकल्प उघडतच नव्हते, आणि जगभरातल्या कित्येक निर्मितीसंस्थांना काम दुसरीकडे हलवावे लागले. २०१३ मध्ये अ‍ॅडोबीने नव्या आवृत्त्या एकरकमी विकणे थांबवून वर्गणीची पद्धत आणली. तेव्हापासून वर्गणी थांबली की प्रकल्प उघडणेही थांबते. टेपचा इतिहासही हेच सांगतो. व्हीएचएसचे यंत्र बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन बंद केले. २०१९ मध्ये युनेस्कोने इशारा दिला, की चुंबकीय टेपवरचा ठेवा २०२५ च्या सुमारापर्यंत उतरवून घेतला नाही तर यंत्रांअभावी तो वाचणे जवळपास अशक्य होईल. कपाटांतल्या कॅसेट शाबूत असूनही त्या लावायला यंत्र नाही, अशी अवस्था आपल्याकडच्या संस्थांनी पाहिलेली आहे. म्हणून प्रत्येक पूर्ण झालेल्या व्हिडिओमागे पाच गोष्टी ठेवाव्यात : उच्च दर्जाची अंतिम प्रत, मजकूर नसलेली प्रत, वेगळा आवाज, युनिकोडमधली उपशीर्षके आणि प्रकल्पाची एक्सएमएल फाइल. या पाच असल्या की कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये काम पुन्हा उभे करता येते.

साठवणीचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने चित्रण केले, तर एका तासाला ४५ जीबी लागतात. दोन कॅमेरे, दिवसाला प्रत्येकी तीन तास, म्हणजे २७० जीबी. महिन्यात असे दहा दिवस धरले तर २.७ टीबी आणि वर्षाला सुमारे ३२ टीबी. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत दुसऱ्या जागी हा जगभर मानला जाणारा नियम पाळला, तर आकडा शंभर टीबीला टेकतो. तेच चित्रण फोर-केमध्ये प्रोरेस ४२२ या प्रकारात केले तर तासाला सुमारे २२० जीबी, म्हणजे पाचपट. कॅमेऱ्याच्या मेनूतला एक पर्याय बदलला की हार्ड डिस्कचे बजेट असे बदलते. त्यामुळे काय ठेवायचे, काय किती दिवसांनी पुसायचे आणि ते कोणी ठरवायचे, याचे लेखी धोरण ही विभागाची पहिली खरेदी मानावी. तिला पैसे लागत नाहीत. आणि अनेक डिस्कची रेड यंत्रणा म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल ती सगळ्या डिस्कवरून एकदमच पुसते.

संगणक निवडताना प्रोसेसरच्या आकड्यांपेक्षा, आपल्या कॅमेऱ्याची फाइल तो सहज चालवतो का, हे पाहावे. दहा-बिट ४:२:२ प्रकारच्या एचईव्हीसी फाइल उलगडताना महागडे ग्राफिक कार्ड असलेले संगणकही अडखळू शकतात, आणि त्याच फाइल साध्या दिसणाऱ्या दुसऱ्या यंत्रावर सहज चालतात. खरेदीआधी स्वतःचे फुटेज पेन ड्राइव्हवर नेऊन दुकानातच चालवून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय. जुन्याच संगणकांवर भागवायचे असेल, तर हलक्या प्रॉक्सी फाइल करून एडिट करायची सवय लावावी. सॉफ्टवेअरच्या निवडीत माणसांचाही विचार हवा. लग्नाच्या चित्रणातून आलेल्या एडिटरचा हात बहुधा एडियसवर बसलेला असतो, तर जनसंज्ञापनाचा अभ्यासक्रम करून आलेल्याचा बहुधा प्रीमिअरवर. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती अल्ट्रा एचडीपर्यंतचे बहुतेक काम करते. फायनल कट अ‍ॅपलच्या यंत्रांपुरते आहे. कोणते श्रेष्ठ यावर वाद घालण्यापेक्षा, आपल्या गावात कोणत्या सॉफ्टवेअरचा माणूस मिळतो आणि टिकतो, हे पाहिलेले बरे.

आता आवाज. प्रेक्षक थोडे धूसर चित्र चालवून घेतो, अस्पष्ट बोलणे घेत नाही. आपल्या खोल्यांत छताचा पंखा, एसीची घरघर आणि रस्त्यावरचे हॉर्न कायमचे सोबती. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने पडतो. त्यामुळे तीन मीटरवरच्या कॅमेऱ्यातला महागडा माइकही हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावलेल्या साध्या कॉलर माइकपुढे हरतो. भरल्या सभागृहात शेकडो मोबाइल सुरू असताना २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे वायरलेस माइक तुटक येऊ शकतात. तिथे केबलचा माइक हाताशी असावा. ३२-बिट फ्लोट रेकॉर्डर वक्ता एकदम ओरडला तरी आवाज फाटू देत नाहीत, आणि ज्या विभागात स्वतंत्र ध्वनितंत्रज्ञ नाही तिथे ते फार उपयोगी.

प्रकाशाच्या बाबतीत एक गोष्ट भारतात प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, आणि तिच्यावर चालणारे बरेचसे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. अमेरिकी सवयीने सेकंदाला ३० चौकटी आणि १/६० शटर ठेवले, तर प्रत्येक चौकटीत लुकलुकण्याची पूर्ण आवर्तने मावत नाहीत आणि चित्रात सरकते पट्टे उमटतात. २५ चौकटी आणि १/५० शटर ठेवले की प्रत्येक चौकटीत बरोबर दोन आवर्तने बसतात आणि चित्र स्थिर होते. फाइव्ह-डी मार्क टू आला तेव्हा त्यात फक्त ३० चौकटींचा पर्याय होता. २५ चौकटींची सोय मार्च २०१० च्या फर्मवेअरने दिली, तोवर तो वापरणाऱ्यांना हे दुखणे सांभाळावे लागले. आजही कित्येक कॅमेरे खोक्यातून बाहेर निघतात ते ३० चौकटींवरच. मेनूतला हा एक पर्याय बदलला की चित्र सुधारते, खर्च काहीच नाही.

इतके सगळे ठरल्यावर कॅमेऱ्याची निवड सोपी होते, कारण प्रश्न नेमके झालेले असतात. व्याख्यान दीड तासाचे असेल, तर २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबणारा स्थिरचित्रणाचा कॅमेरा बाद. बहुतेक कॅमेऱ्यांची कार्यमर्यादा ४० अंश सेल्सिअसपर्यंत सांगितलेली असते. चंद्रपूर किंवा अकोल्यात मे महिन्यात शेतावर काम करायचे असेल, तर गरम होऊन बंद पडण्याची चाचणी आधी घ्यावी. पुनर्चित्रण शक्य नसेल, तर दोन कार्डांवर एकाच वेळी मुद्रण हवे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लेन्सच्या काचेवर आतून बुरशी धरते. सुरुवातीला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके तंतू दिसतात, मग लेपच खराब होतो. त्यामुळे आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवणारे कोरडे कपाट ही तिथे चैन नाही. कॅमेरा चार-पाच वर्षांत जुना होतो, पण चांगला ट्रायपॉड, लेन्स, दिवे आणि माइक त्याच्या दुप्पट टिकतात. पैसा कुठे घालावा हे यावरून ठरते. दर आठवड्याला लागते ते विकत घ्यावे, वर्षातून दोनदा लागते ते भाड्याने आणावे. ड्रोनसारखी वस्तू परवानाधारक चालकासह आणलेली बरी, कारण २०२१ च्या ड्रोन नियमांची जबाबदारीही असते.

खरेदीची प्रक्रिया हा तांत्रिक पुस्तकांत न येणारा, पण निर्णायक भाग. सरकारी आणि अनुदानित संस्थांत मार्च एन्डची घाई, जेम पोर्टल, तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता आणि सर्वांत कमी दराची निविदा हे वास्तव आहे. मागणीपत्रात ‘फोर-के कॅमेरा, एक नग’ एवढेच लिहिले, तर तेवढेच आणि तसलेच येईल. ‘दोन तास अखंड मुद्रण, एक्सएलआर माइकची जोडणी, दोन कार्डांवर एकत्र मुद्रण, तीन बॅटऱ्या, दुरुस्ती केंद्र राज्यात’ असे कामाच्या भाषेत लिहिले, तर कमी दराची निविदाही उपयोगाची वस्तू आणते. केबल, कार्डे, यूपीएस, अर्थिंग आणि देखभाल करार हे त्याच मागणीपत्रात हवेत. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये वस्तूची नोंद होते, पण ती चालवणाऱ्याच्या प्रशिक्षणाची तरतूद कुठेच होत नाही. या पुस्तकाला ते सर्वांत जास्त खटकते.

हे सगळे आत्ताच का? एक म्हणजे, व्हिडिओ आता संस्थेच्या मुख्य कामात आला आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचाने आणि नंतरच्या टाळेबंदीने शिक्षणात ते पक्के केले. दुसरे, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने माहिती सुगम असण्याचा आग्रह धरला आहे, आणि उपशीर्षके व सांकेतिक भाषा हे त्याचे स्वाभाविक अंग आहे. तिसरे, बोलण्यावरून मजकूर उतरवणारी प्रारूपे मराठीही ओळखू लागली आहेत. व्हिस्पर आणि केंद्र सरकारचा भाषिणी हा उपक्रम, दोन्ही २०२२ चे. पण वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणे, पिकांची आणि औषधांची नावे यंत्र अजून चुकीची ऐकते, आणि औषधाच्या मात्रेत झालेली चूक महागात पडते. त्यामुळे मराठी नीट जाणणारा तपासनीस ही विभागातली अत्यावश्यक जागा आहे. चौथे, हुबेहूब खोटे व्हिडिओ बनवणे सोपे झाले असताना मूळ फुटेज, त्याची तारीख आणि जागा जपणारी संस्थाच ‘हे आमचे’ असे ठामपणे म्हणू शकेल.

या पुस्तकात म्हणूनच कुठल्याही एका कॅमेऱ्याची किंवा संगणकाची शिफारस नाही. छापून येईपर्यंत ती शिळी झाली असती. इथे आहेत ते प्रश्न, चाचण्या, हिशेबाची कोष्टके आणि मागणीपत्रांचे नमुने. मांडणी वर सांगितलेल्या उलट्या क्रमानेच आहे. एका माणसाचा विभाग, तीन-चार जणांचा विभाग आणि स्टुडिओ असलेले केंद्र अशा तीन आकारांच्या संस्था डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी विकत, भाड्याने की बाहेरून हा निर्णय वेगळा मांडला आहे. वाचकाला इंग्रजी तांत्रिक शब्दांची भीती वाटू नये म्हणून जे शब्द स्टुडिओत आणि दुकानात खरोखर बोलले जातात तेच वापरले आहेत. ज्या प्राचार्यांना, संचालकांना किंवा जनसंपर्क अधिकाऱ्यांना सही करायची आहे, त्यांच्यासाठी पुस्तक जितके आहे तितकेच ते उद्यापासून कॅमेरा खांद्यावर घेणाऱ्या मुला-मुलींसाठीही आहे. दोघांनी ते एकत्र वाचले, तर त्याचा सर्वाधिक उपयोग होईल.

महाराष्ट्रात शेती, आरोग्य, सहकार आणि अध्यापन यांचे फार मोठे ज्ञान मराठीत बोलले जाते आणि फार थोडे नोंदले जाते. तीस वर्षे एकच विषय शिकवलेले शिक्षक दरवर्षी निवृत्त होतात, आणि त्यांची शिकवण्याची हातोटी त्यांच्याबरोबर जाते. साधनांच्या निवडीकडे मी या नजरेने पाहतो. आवाज स्पष्ट असेल, मजकूर शोधता येत असेल आणि फाइल वीस वर्षांनीही उघडत असेल, तर साध्या कॅमेऱ्यावर केलेले कामही पुढच्या पिढीच्या उपयोगी पडेल. या तिन्हींपैकी एक जरी नसेल, तर सर्वांत महागडा कॅमेराही त्या ज्ञानाला वाचवू शकणार नाही. संस्थेने पैसा खर्च करायचा तो या तीन गोष्टींची खात्री करून घेण्यासाठी.